अकरापर्यंत

पुंता अरेनासमध्ये वारा फार झाला की
चौकात दोर बांधतात,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
उलट वारा पडला तर लोक दार उघडून बघतात,
काय झालं?

मी बंदरावर रात्रपाळीचा पहारेकरी.
कुठली साखळी करकरते, कुठला पत्रा सुटलाय,
अंधारात न बघता सांगतो. त्यावर पोट चालतं.
आणि घरात, तीन हातांवर,
आयलेनचं घोरणं मी कधी आवाजात धरलं नाही.
पाच वर्षांची पोर, घोरते लाकूड कापणाऱ्या बाप्यासारखी!
हसायचो आम्ही.
शेजारची एदुविहेस म्हणायची,
किती गाढ झोपते, मनगटाला लाल दोरा बांध तिच्या,
कुणाची नजर लागायची.

मग जूनमधली ती सुट्टीची रात्र,
सकाळचे दहा वाजत आले तरी न उजाडणारी.
घोरणं चालू होतं. मग नव्हतं.
छाती वर जात होती, खाली येत होती,
आटलेल्या विहिरीत पोहरा सोडावा तशी,
आणि नाकातोंडातून काहीच नाही.
बाहेर एवढा वारा उधळलेला,
माझ्या पोरीला त्यातला घोटभर मिळेना.
मी मोजू लागलो.
आठ. नऊ. दहा. अकरा.
एक आचका, हुंदक्यासारखा,
मान मागे टाकून ती कुशीवर वळली
आणि पुन्हा लाकूड कापू लागली.

त्या रात्री तेवीस वेळा.
पहाऱ्याच्या वहीत लिहिलं, बोटींच्या नोंदींखाली.
मग बाकीचंही आपोआप त्या पानावर येऊन बसलं:
सुटलेली सवय परतून पुन्हा ओली होणारी गादी,
दुपारी शाळेत पेंग, नाहीतर भांडण,
मांसाचा एक घास तासभर गालात.

डॉक्टर मिलेन्कांनी जीभ दाबून बघितलं.
मलाही दाखवलं: दोन टॉन्सिल, ओल्या अक्रोडांएवढे,
मधे पेन्सिल जाईल इतकी फट.
कापायचे?
म्हणाल्या, मोठे असणं हा काही गुन्हा नाही,
कितीतरी पोरांचे असतात, वाढत्या वयात लहान होतात.
घसा धरून ताप किती आले वर्षात?
दोन.
दोन तापांसाठी मी सुरी उचलत नाही.

मी वही पुढे सरकवली. मोबाइलमधला तो आवाज लावला.
खोलीत अकरा सेकंद कुणी बोललं नाही.
मग त्यांनी पेन उचललं.
एक रात्र तारा लावून झोपवलं तिला दवाखान्यात,
आणि यंत्रानेही माझ्यासारखंच मोजलं.

एवढे दिवस का थांबलात, असं त्या म्हणाल्या नाहीत.
ते मीच म्हणतो, अजून.

ऑपरेशननंतर आयलेन आमच्यावर रुसली.
आईस्क्रीम मिळणार म्हणालात, आणि गिळता तर येत नाही!
ओतिलिया खेकड्यांच्या कारखान्यातून येऊन
तासातासाला पाण्याचा चमचा घेऊन तिच्यामागे.
घशात पांढरी खपली, तोंडाला शिळा वास,
त्याला घाबरू नका, असं सांगितलं होतं.
पण थुंकीत ताजं लाल दिसलं
तर रात्र की दिवस बघायचं नाही, निघायचं.
दहा दिवस गाडीची किल्ली बुटात ठेवली,
बूट दाराशी.
लागली नाही.

आता ती तोंड मिटून झोपते.
घरात इतकं शांत की मलाच झोप येत नाही.
उठतो, हाताची पालथी बाजू
तिच्या नाकाखाली धरतो.
एवढासा, कोमट वारा.
मोजायला लागतो,
दोन म्हणेपर्यंत पुढचा येतो.
तरी हात काढत नाही,
चौकातला दोर धरल्यासारखा.